शालूच्या वाडीवरचा पतंग

हाटकेश वस्तीतल्या दशरथरावांची ओळख नोकरीवरून देऊन उपयोग नाही. चौतीस वर्षं त्यांनी ज्या फायली हलवल्या, त्या फायलींनाही ते आता आठवत नसतील. पण पतंग! संक्रांतीला ते गच्चीवर आले की चार बिल्डिंगांतली पोरं आपापले पतंग गुपचूप उतरवून घेत.

खाडीकाठच्या तारोडी गावातली शालू त्यांच्याकडे भाजी घेऊन यायची. त्या दिवशी ती दारातच बसली.

"भाऊ, वाडीत खारं पानी शिरतंय. मुळा गेला, वांगी पिवळी पडली. बांध कुठं फुटलाय ते तिवरांच्या गचपणात दिसतच न्हाय. आमावास्येचं उधाण चार दिसांवर हाय. तवर सापडला न्हाय तर वाडी गेली."

"वरून बघायला पाहिजे."

"ड्रोन आनू कुठून?"

"ड्रोन कशाला? मी आहे ना!"

जुन्या छत्र्यांच्या कापडाचा माणसाएवढा पतंग झाला. त्याच्या बराच खाली, दोरीला, डब्यात घालून जुना मोबाइल टांगला. आपोआप फोटो काढत राहील असा लावून दिला.

वाडीवर पतंग झोकात चढला. उतरवून बघतात तर सगळे फोटो फरफटलेले, पाट्यावर हिरवी चटणी वाटल्यासारखे. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच.

शालू त्यांच्या हाताकडे बघत होती. "भाऊ, ठुमकं का मारताय?"

"कुठे मारतोय?"

"ह्यो बघा, आता बी मारला!"

जन्माची खोड. दोरी हातात आली की मनगट आपलं आपण झटके देणार, आणि वर मोबाइल झोके खाणार.

"हितं कुनाला कापायचंय? तिवरांना? द्या हिकडं."

शालूने दोरी कमरेभोवती घेतली, पाय रोवले. खाडीत मासेमारीच्या जाळ्याचे दोर धरण्यात हयात गेलेली बाई ती, खांबासारखी उभी राहिली. दशरथरावांनी आपला शिवशिवणारा हात खिशात कोंबला. अपमान ठेवायला कुठेतरी जागा लागतेच.

या वेळच्या फोटोत तिवरांच्या हिरव्यातून पाण्याची एक चकचकीत रेघ थेट वाडीत आली होती. रेघेच्या टोकाशी जाऊन पाहिलं, तर चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, पोखरल्याने बांध खचला होता. शालूने आणि तिच्या दिराने, धाकूने, दोन दिवस चिखल-दगड टाकून भगदाड बुजवलं.

अमावास्येला पाणी चढलं, बांधाला टेकलं आणि तिथेच थांबलं. शालूने विहिरीचं पाणी सोडलेल्या वाडीच्या सरीत बोट बुडवून जिभेला लावलं. "भाऊ, तुमी बी बघा."

घरी फिल्टरशिवाय पाण्याला न शिवणारे दशरथराव वाकले. "माती लागतेय गं."

"माती ऱ्हाऊ द्या. मीठ हाय का सांगा."

"मीठ नाही."