जैनबबीनं सोडलेल्या गाठी

जैनबबीचं नाव काढलं का माह्या डोक्यात जाळ होते. अचलपुरात आमच्या मोहल्ल्यात बाई मेली का पयलं बोलावनं हिलेच जाते. मय्यतीले आंघोळ घालाचं काम चाळीस वर्सांपासून हिच्याकडंच. सत्तरीची म्हातारी, पाठ वाकली, पन हात चालूच. मय्यत दिसली का हिचे हात कोनाचंच ऐकत नाही. डोळे मिटते, जबडा बांधते, हात-पाय सरळ करते. आंग आखडायच्या आधी हे झालंच पायजे म्हनते. लोकं तिले देवमानूस म्हनते. म्हनोत बापा! मले विचारा.

यास्मीन माह्यी धाकटी बहीन. तिच्या नवऱ्यानं, त्या बशीरनं, तिच्याच ओढनीनं तिचे हात मांगं बांधले अन तोंडावर उशी दाबून मारलं. कावून? त माहेरी जातो म्हनली म्हनून. मुडदा बशिवला त्याचा! दोन घरं सोडून राहनारी जैनबबी धावत आली. पोलीस यायच्या आधी तिनं गाठी सोडल्या, हात सरळ केले अन तेच ओढनी यास्मीनच्या आंगावर पांघरली. पंचनाम्यात काय आलं मंग? हात मोकळे. ओढनी मऊ होती, मनगटावर वळबी उठला नव्हता.

हात बांधले होते अशी साक्ष जैनबबीनं देल्ली, अन अमरावतीच्या कोर्टानं तरी तिचं ऐकलं. हात बांधलेल्या बाईले मारनं हा साधा खून नाही म्हने, अन बशीरले फाशी सुनावली. म्या त्या दिवशी मोहल्ल्यात जिलेबी वाटली. लाज कायची त्याच्यात? मंग सारे कागद नागपूरले वरच्या कोर्टात गेले. फाशी असली का कागद तथी जातेच, अन बशीरनं अपीलबी केलं होतं.

सुनावनीले मी गेली. बशीरचा वकील भल्ला खवट. त्यानं जैनबबीची जुनी साक्ष वाचून दाखवली.

"गाठी कोनाच्या सांगन्यावरून सोडल्या?"

"कोनाच्याच नाही. माह्या मनानं."

"आनखी कोनी पाहिल्या?"

"मले मालूम नाही."

निकाल आला. खून बशीरनंच केला, हे कायम. पन हात बांधल्याले एका म्हातारीच्या बोलन्याबिगर दुसरा पुरावा नाही, तेवढ्यावर फाशी देता येत नाही, असं जजसाहेब म्हनले. फाशी रद्द, जन्मठेप. म्हंजे एक दिवस थो सुटून येईन, याच गल्लीतून छाती काढून चालन, अन माह्यी यास्मीन मातीत.

मी तशीच जैनबबीच्या घरी गेली. आंगनात बसून ते गोधडी शिवून राहिली होती.

"तुह्ये हात तवाच झडले असते त बरं झालं असतं!" मी ओरडली. "कोनी सांगतलं होतं गाठी सोडाले? पोलीस येईपर्यंत दम नव्हता निघत?"

तिनं सुई गोधडीत टोचून ठेवली.

"बेटी, तूच त सांगतलं. मी सोडू का नको, करून राहिली होती. तू उंबऱ्यात उभी राहून रडली, खाला, हात सोडा तिचे, दुखत असन तिले."

म्या ईचारलं, "कोर्टात कावून नाही सांगतलं?"

"तुह्या तनवीरनं माह्यासमोर हात जोडले. माह्यी बायको कोर्टात उभी नाही राहनार, तिचं नाव घेऊ नका म्हने. तू सोता पोलिसायले सांगतलं का गाठी सुटल्यावर मी मांगून आली. तुले खोटी पाडू? झूट मी बोलली. अल्लाले जवाब मी देईन."

खरं होतं ते. नवऱ्यानं सांगतलं अन म्या ऐकलं. कोर्टाले दुसरा साक्षीदार पायजे होता, अन थो म्हंजे मी. दोन गाठी होत्या, एकीवर एक. म्या माह्या डोळ्यानं पाहिल्या होत्या. सुनावनीच्या दिवशी मी मांगच्या बाकावर बसून ते सारं ऐकत होती, अन चूप होती.

जैनबबीनं पान्याचा गिलास पुढं केला. म्या नाही घेतला. अजूनबी तिच्या दारावरून जाते तवा मी थुंकते. तिच्यावर नाही त कोनावर थुंकू?