न घेतलेलं रीडिंग

मुलांच्या वॉर्डात एकवीस वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईला नाव असतं, हे कुणाच्या ध्यानातच नसतं. डॉक्टर तिला मावशी म्हणतात, पेशंट मावशी म्हणतात, आणि जिची ती खरोखरची मावशी आहे ती चार वर्षांची चिमीही मावशीच म्हणते. मावशींची शाळा सातवीपर्यंत. पण कुठलं पोर उद्या खेळत घरी जाणार आणि कुठल्या पोरासाठी आत्ता डॉक्टरला हाक मारायची, हे मावशींना बादली सरकवता सरकवता कळतं. शिकलेल्या माणसांचा त्यांना राग नाही. शिकल्याचा आव आणणाऱ्यांचा मात्र मनस्वी तिटकारा, आणि असला एक नमुना नेमका त्यांच्या धाकट्या बहिणीच्या पदरात पडला होता.

हा नमुना म्हणजे चिमीचा बाप. विजेचे मीटर वाचत घरोघर फिरायची नोकरी. गल्ली त्याला रीडिंगराव म्हणायची आणि त्याला तो मान वाटायचा. त्याच्या धंद्यात एक सोय होती. घराला कुलूप असलं की मागच्या महिन्यांची सरासरी टाकायची आणि पुढं चालू लागायचं. चौथ्या मजल्यावर चढायचा कंटाळा आला की त्या मजल्यावरची सगळी घरं आपोआप बंद व्हायची. हे तो जेवताना खिदळत सांगायचा. मावशी अर्ध्या ताटावरून उठायच्या.

सोमवारी चिमीला न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि घरी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घ्यायला सांगितलं. दर चार तासांनी बघा, लिहून ठेवा. ब्याण्णवच्या खाली गेलं किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तर थेट इकडे या.

बुधवारी ड्यूटी संपवून मावशी बहिणीकडे गेल्या. फ्रिजवर कागद चिकटवलेला, पट्टीनं आखलेले रकाने, मोत्यासारखं अक्षर. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव.

"बघा ताई, एकदम फर्स्ट क्लास," रीडिंगराव म्हणाला. "पोरगी कशी गाढ झोपलीय."

मावशींनी कागदाकडे पाठ करून चिमीचा फ्रॉक वर केला. ती झोप नव्हती, ग्लानी होती. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून त्यांनी पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. चोपन्न. या वयाला चाळीसच्या आत हवेत.

"मी सकाळपासून सांगतेय हिचं पोट आत जातंय," बहीण म्हणाली. "तर हे म्हणतात, तुला मशीनमधलं काय कळतं, कागद बघ."

मावशींनी मग कागद बघितला.

"जावईबापू, वाजले किती?"

"तीन वाजून दहा."

"मग इथं आज रात्री आठचं सत्त्याण्णव आत्ताच कुठून आलं?"

रीडिंगरावानं कान खाजवला. "अहो, कालपासून ती बोटाला लावूच देत नाही. रडते, हात झटकते. आणि सोमवारची रीडिंगं होतीच की. म्हणून सरासरी..."

"घराला कुलूप होतं म्हणा की."

त्याला हसू आलं. मग एकदम गेलं.

"हिचे बूट शोध," मावशी बहिणीला म्हणाल्या. "गाडी बोलाव. आकडा काही का येईना, आपण निघतोय."

गाडी येईपर्यंत त्यांनी चिमीला मांडीवर घेतलं. हात बर्फासारखे. ते चोळून गरम केले. एवढ्याशा बोटावर यंत्र सैल बसत होतं, म्हणून त्यांनी अंगठा धरला.

"हा चिमटा कपड्यांचा आहे," त्या चिमीच्या कानाशी म्हणाल्या. "तुझा अंगठा वाळत घालूया. वारा आला तरी हलायचं नाही हं."

चिमी हलली नाही. काचेवर आकडे उड्या मारायला लागले.

"बघा, शहाण्णव," रीडिंगराव पुढं झेपावला.

"थांबा. खालचा नाडीचा आकडा स्थिर होऊ दे आधी."

तो स्थिर झाला, तेव्हा वरचा ऑक्सिजनचा आकडा एकोणनव्वदवर येऊन बसला आणि तिथून हलला नाही. रीडिंगराव त्या यंत्राकडे असं बघत राहिला, जणू यंत्रानं त्याला आईमाईवरून शिवी दिली होती.

दवाखान्यात चिमीला ऑक्सिजनची नळी लागली. डॉक्टरांनी कागद मागितला. रीडिंगरावानं तो खिशात दडपला होता, तो बाहेर काढावा लागला.

"यातली खरी कुठली?" डॉक्टर म्हणाले.

तो मावशींकडे बघायला लागला. मावशी खिडकीकडे बघत होत्या. एरवी त्या कुणाच्याही मदतीला धावतात. आज नाही धावल्या. शेवटी त्यानं सोमवारच्या तीन रकान्यांवर बोट ठेवलं. बाकी सगळ्या सुंदर अक्षरावर डॉक्टरांनी एक आडवी रेघ ओढली आणि कागद परत दिला. मावशींच्या मते चांगलं झापायला हवं होतं.

सहा वाजता भिंतीवरच्या पडद्यावर पंच्याण्णव आलं. रीडिंगरावाच्या अंगात पुन्हा रीडिंगराव संचारला.

"ताई, पंच्याण्णव."

"भिंतीकडे बघून सांगू नका. पोरीकडे बघून सांगा."

तो वाकला. चादर बाजूला केली आणि पहिल्यांदाच आपल्या पोरीची छाती नीट बघितली. बराच वेळ बघितली.

"खड्डा... अजून पडतोय थोडा. पण दुपारपेक्षा कमी."

"श्वास?"

"मोजतो." तो घड्याळ शोधायला लागला.

मावशींनी शाबासकी दिली नाही. पोराच्या बापाला पोर बघितल्याबद्दल शाबासकी द्यायची पद्धत त्यांच्या वॉर्डात नाही. त्यांनी बहिणीला खायला पिटाळलं, स्टूल ओढलं आणि तो पूर्ण मिनिटभर मोजतो की अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करतो, हे बघत बसल्या.