ग्राफिक्स कार्ड नेमकं कोणासाठी?

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं काचीगुड्याहून ऑटोने आबिड्सच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाकडे निघालो. माझ्या मांडीवर आमच्या कॉम्प्युटरचा डबा, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बाहेरदेशचा माल आता चोरून नाही, उघड काचेच्या कपाटात मांडलेला दिसायचा. आमच्यासारख्या नोकरदारांच्या घरातही कॉम्प्युटर येऊ लागले होते.

मला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं, पडद्यावरचं चित्र नितळ करणारं. ह्यांना सांगितलं होतं, निखिलसाठी. आमचा मुलगा जूनपासून पुण्याला होस्टेलवर होता, दिवाळीत घरी येणार होता. पेपर तपासल्याचे थोडे पैसे माझ्याकडे होते, तेवढ्यात बसेल ते घेऊ म्हटलं. हे "हौ" म्हणाले आणि बँकेतून आल्या आल्या निघाले. पुढे एक प्रश्न नाही.

खरी गोष्ट वेगळी होती.

मी जामबागच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. निखिल गेल्यावर त्याच्या खोलीत धूळ पुसता पुसता एक दिवस कॉम्प्युटर लावला. त्यात विमान उडवायचा गेम होता... नुसतं उडायचं, कोणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही.

पहिल्या दिवशी तीनदा पडले. चौथ्यांदा विमान वर गेलं, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या श्वास रोखून धरला. तोवर मी खरं विमान जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग शाळेतून आल्यावर रोजचा तास ठरून गेला. खिडकीतून स्टेशनवरच्या गाड्यांचा आवाज यायचा, आणि मी नाईलच्या मुखाकडे निघालेली असायचे. वीस वर्षं मी फळ्यावर त्रिभुज प्रदेश काढत आले होते... निळ्या खडूच्या तीन-चार रेघा. आता त्याच्यावरून जायचं होतं.

पण आमच्या कॉम्प्युटरला ते झेपायचं नाही. चित्र अडखळत पुढे सरकायचं. जमीन आणि पाणी दोन्ही एकाच मळकट हिरव्या चौकटींची. एकदा तर मी शेत समजून समुद्रात उतरले.

दुकानदार साबिरभाई पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवणारे. त्यांनी डबा उघडला, आत वाकून पाहिलं आणि मान हलवली. कपाटातली नवीकोरी भारी कार्डं बसतील तसा स्लॉट, म्हणजे आतली खाचच आमच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती. जुन्या स्लॉटला चालतील अशी दोनच होती... एक महाग, एक स्वस्त.

"दोनों लगाके दिखातूं, फिर बोलो," म्हणाले. स्वस्तातलं बसवलं, दुकानातला मॉनिटर जोडला आणि तपासायला म्हणून तोच गेम उघडला.

माझ्या लक्षात यायच्या आत जपून ठेवलेल्या उड्डाणांची यादी पडद्यावर आली. साबिरभाई मोठ्याने वाचू लागले. "नाईल एक, नाईल दो, गंगा, मिसिसिपी... नाईल सात! तुम्हारा बेटा नदियां भोत घूमता साब. ये परसों का है. पढ़ता-लिखता कि नै?"

ह्यांनी पडद्याकडे पाहिलं. "बेटा तो जून से पुणे में है," सावकाश म्हणाले.

माझे कान तापले. चोरी पकडली गेली म्हणावं, तर चोरलं काहीच नव्हतं... तरीही वाटलं, वळावं आणि रस्ता गाठावा. त्रेचाळीस वर्षांची बाई, शाळेत बाई म्हणून मुली उभ्या राहतात, आणि घरी लपून काय करते तर गेम खेळते.

"कार्ड मेरे वास्ते होना," मी म्हटलं. आवाज माझाच होता.

साबिरभाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग स्वतःची खुर्ची काउंटरच्या आतून ओढून माझ्यासमोर ठेवली. "बैठो मॅडम. चलाके देखो."

मी बसले. विमान वर गेलं, अजिबात न अडखळता... आणि खाली किनारा दिसला. निळं पाणी, त्यात शिरत गेलेली जमीन, फाटे फुटत गेलेली नदी. किती वेळ गेला कळलं नाही. दुकान, रस्ता, मागे उभे असलेले हे... सगळं कुठेतरी दूर राहिलं.

मग महागाचं बसवून पाहिलं. पंखांवर ऊन चमकायचं, सुंदरच होतं. किनारा मात्र तोच. मी स्वस्तातलं मागितलं. मला विमान बघायचं नव्हतं, खाली बघायचं होतं.

साबिरभाई हसले. "लोगां गोलियां चलाने के वास्ते ले जाते. जमीन देखने के वास्ते आपीच पैले आए."

परतीच्या ऑटोत डबा ह्यांनी आपल्या मांडीवर घेतला. मी मनात उत्तरं जुळवत होते... स्वयंपाक कधी चुकला नाही, वह्या कधी तपासायच्या राहिल्या नाहीत.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"हसाल वाटलं."

हे हसले नाहीत. रस्त्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठे कुठे जाऊन आलीस?"

मी नाईलपासून सुरुवात केली. घर आलं, ऑटोवाला वळून पाहू लागला, तेव्हा मी कशीबशी गंगेपर्यंत पोचले होते. त्याला पैसे दिले आणि आम्ही डबा घेऊन जिन्याच्या पायरीवरच बसलो... उरलेलं सांगायला.

त्यानंतर मी तीनदा खऱ्या विमानात बसले, खिडकीची जागा मागून घेतली. पण मी मनाने कुठे कुठे जाऊन आले, हे कोणी आपणहून विचारलं ते त्या संध्याकाळीच. त्या एका प्रश्नासाठी मी ह्यांची आजही ऋणी आहे.