धरणासाठी चांगली जागा

धरणाविरुद्धच्या सभेत उठून धरण कुठे बांधावं हे समजावून सांगणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि त्याची दाढी मी रोज सकाळी करतो.

नव्वदच्या दशकात आम्ही कर्नाटकच्या राजधानीत, बसवनगुडीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी सांगलीकडचा, सरकारी कारखान्यात इंजिनियर. खाली घरमालकीणबाई. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून कर्नाटकातलं, तरी घरात मराठीच. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या असून मला अण्णा म्हणायच्या.

पाणी दिवसाआड यायचं, अंगणातल्या टाकीत साठायचं आणि अक्का मोटर लावून ते वर चढवायच्या. "मोटर लावू का अण्णा?" असं त्या जिन्याखालून विचारत, तेव्हा आमचा दिवस सुरू होई.

एका सकाळी त्यांनी वेगळंच विचारलं. "अण्णा, तुम्ही इंजिनियर ना? आमच्या माहेरच्या नदीवर धरण बांधतायत."

अक्कांचं माहेर मलनाडातल्या, म्हणजे तिकडच्या घाटातल्या, एका दरीत. तिथे धाकट्या भावाची सुपारीची बाग होती आणि त्याचं सगळं तिच्यावरच चालायचं. बागेच्या वरच्या अंगाला धरण बांधून नदीचं पाणी बोगद्यातून पूर्वेकडे वळवायचं, अशी योजना होती. म्हणजे खालची नदी उन्हाळ्यात आटणार आणि बाग वाळणार.

ते पाणी शेवटी आमच्याच नळाला येण्याची शक्यता होती. हे कळल्यापासून मी अर्ध्या बादलीत अंघोळ करू लागलो.

"तुमच्या अर्ध्या बादलीने बाग वाचत असेल तर वाचू दे," बायको म्हणाली, "पण कानामागचा साबण तरी धुवा."

भावाने योजनेचे नकाशे आणून दिले. मी ते रविवारी जेवणाच्या टेबलावर पसरले आणि त्यातली चूक शोधून काढली. धरणाच्या जागी डाव्या बाजूचा खडक भेगाळलेला होता. भाऊ इतका खूश झाला की सभेत मीच बोलायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

इथे आमच्या ऑफिसातली एक सवय सांगायला हवी. ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने चूक दाखवली, की शेजारी हिरव्या पेन्सिलीने उपाय लिहायचा. नुसतं लाल करून आणणाऱ्याला आमचे साहेब दारातूनच परत पाठवायचे. नोकरीत मी दुसरं काही शिकलो असेन-नसेन, हे मात्र अंगात पुरतं भिनलं होतं.

सभा जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सरकारी खात्याचे एक अधिकारीही ऐकायला आले होते. माझं कानडी भाजी घेण्यापुरतं, म्हणून मी इंग्रजीत बोललो. भेगाळलेल्या खडकाबद्दल सांगितलं, टाळ्या पडल्या. तेव्हाच खाली बसायला हवं होतं.

"मग तुमच्या मते काय करावं, सर?" अधिकाऱ्यांनी नम्रपणे विचारलं.

हा प्रश्न मला ऑफिसबाहेर कधी कोणी विचारला नव्हता, घरी तर नाहीच. मी फळ्याकडे गेलो, खडूने नदी काढली आणि हिरवी पेन्सिल सुरू झाली. धरण खाली वळणावर न्या. तिथे दोन्ही बाजूंना खडक पक्का आहे, दरी अरुंद आहे, काँक्रीटही कमी लागेल. अधिकारी भराभर लिहून घेत होते. हॉल एकदम शांत झाला, आणि ती शांतता मी कौतुकाची समजलो.

मागच्या रांगेतून भावाने मराठीत विचारलं, "अण्णा, आता आमची बाग कुठे आली?"

मी दाखवायला फळ्यावर बोट ठेवलं. ते तलावाच्या मधोमध पडलं.

आम्ही रिक्षाने परतलो. अक्का खाली घरात गेल्यावर बायको जिन्यात म्हणाली, "वाळणारी बाग होती. तुम्ही बुडवलीत."

पुढच्या पाण्याच्या दिवशी मोटर लागणार नाही, असं मी धरून चाललो होतो. शिक्षा म्हणून मला तेच हवं होतं. पण अक्कांनी ती नेहमीपेक्षा लवकर लावली. मी खाली जाऊन माफी मागू लागलो.

"तुम्ही चांगल्या मनानेच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पुढच्या सभेला या. फक्त स्वल्प गप्प बसा."

पुढच्या सभेत माझ्याकडे कापडी फलकाची काठी देण्यात आली. दोन्ही हात गुंतलेला माणूस फळ्याकडे जात नाही, हा अक्कांचा अंदाज बरोबर होता.

पण खात्याला माझी जागा पसंत पडली. तिथला खडक तपासायचा म्हणजे नवीन पाहणी आली, त्यासाठी नवी मंजुरी आली, आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. उन्हाळे गेले. एकदा भाऊ केळ्यांचा घड घेऊन थेट वरच आला. मागून अक्काही आल्या.

"काय डोकं चालवलंत अण्णा. वरचं धरण सोडून ते खाली भोकं पाडत बसलेत. मुद्दामच सांगितलंत ना?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि घड माझ्या हातात दिला.

"सरी अण्णा, ठीक आहे, केळी घ्या."

केळी गोड होती. मला ती गोड लागली नाहीत, कारण त्या वळणावरचा खडक खरंच पक्का आहे. निदान माझ्या हिशेबाने. प्रत्येक उन्हाळ्यात तिथे यंत्रं गेल्याचं कानावर आलं, की माझा हिशेब चुकलेला असावा, अशी मी देवापुढे उभं राहून प्रार्थना करत असे. मागून बायको विचारायची, "आणि हे देवाला जमलं नाही, तर त्याने काय करावं, तेही सांगून ठेवलंय ना?"