जावयाने ओतलेलं तेल

गिअर ऑइलचा डबा उघडला की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मी थेट अक्कलकुव्याच्या एका गॅरेजात जाऊन पडतो.

जीप सासऱ्यांची, ब्राह्मणपुरीची. मी नवा जावई. गाड्यांतलं मला सगळं कळतं, असं आधीच सांगून बसलेला. तेल बदलायची वेळ आली तेव्हा दुकानात दोन डबे होते, जीएल-चार आणि जीएल-पाच. पाचवी चौथीच्या वरची, एवढं शाळेत पक्कं झालेलं, म्हणून गिअरबॉक्समध्ये पाच ओतलं. काही महिन्यांत दुसरा गिअर असा किंचाळू लागला की पार गुजरातेतल्या म्हशी दूध चोरू लागल्या.

गॅरेजवाल्या सुपडू मिस्त्रींनी तेल काढून बोटांवर चोळलं. उन्हात पिवळे कण चमकले. मला वाटलं, सोनं निघालं!

"हाई पितळ शे. आतल्या पितळी रिंगा खाई टाक्यात या तेलनी. पाच नंबर मांगला चाकसना डिफरन्शियलमा टाकतस, गिअरबॉक्सले चारच. कोनता गाढवनी टाकं?"

मी तोंड उघडणार, तोच सासऱ्यांनी टोपी सारखी केली. "मीच टाकं दादा. वय व्हयनं, डोयासले आकडा दिसत नही."

मिस्त्रींनी त्यांना तासभर झोडपलं. मी सुटलो म्हणून खुशीत चहा प्यायलो.

सासऱ्यांना बांधावरून शेवटच्या सरीतल्या कपाशीवरचा मावा दिसायचा. पण त्या गॅरेजात ते पुढे कायम डोळे किलकिले करून डबा मिस्त्रींकडूनच वाचून घेत.