सात किलो, आईच्या हाताने

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.कॉम., सेकंड क्लास. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही.

विरारजवळ, नंदाखालच्या अलीकडे आमचं गाव. घरची वाडी लहान, पण आई कष्टाची. वांगी, वालपापडी, थोडा मोगरा. सकाळी माल पाटीत भरून नाक्यावर न्यायचा, तिथे शेठचा टेम्पो उभा असायचा. शेठ म्हणजे गावोगावचा भाजीपाला उचलून दादरला नेणारा व्यापारी. टेम्पोच्या दांडीला त्याचा काटा टांगलेला असे. वर गोल तबकडी, खाली पोलादी आकडा. आकड्याला पाटी अडकवायची आणि सुई जिथे थांबेल ते वजन.

रोज सकाळी तिथे एक भांडण ठरलेलं. आई पाटी डोक्यावरून उतरवताना म्हणायची, "सहा हाय." शेठ पाटी अडकवून म्हणायचा, "पाच." आई म्हणायची, "माझ्या हाताला सहा लागते." मग शेठ माझ्याकडे बोट करायचा. मी तेव्हा चौथीत असेन, शाळेत जाता जाता आईबरोबर नाक्यावर यायचो. "पोरगं शिकतंय ना तुझं? त्यालाच विचार. वाच रे बाळा."

मी टाचा उंच करून तबकडी वाचायचो. "पाच."

"ऐकलंस? तुझाच पोरगा सांगतोय."

आई पाच किलोचे पैसे घेऊन निघायची. मी चौथीचा सातवीत गेलो, दहावी झालो, बी.कॉम. झालो, विरारच्या एका पतपेढीत चिकटलो, पण नाक्यावरची ही साक्ष काही सुटली नाही. उलट पदवीनंतर माझ्या "पाच"ला वजन आलं. आई काट्याशी भांडायची, शिकलेल्या मुलाशी भांडायची नाही. घरी मी तिला समजावायचो, "आई, हात म्हणजे अंदाज. काटा म्हणजे यंत्र." ती म्हणायची, "माझ्या आईच्या तराजूत लोखंडी वजनं ठेवायला मी पाच वर्षांची असल्यापासून बसले. तुझं यंत्र तेव्हा कुठं होतं?" यावर मी तिला पदवीची आठवण करून द्यायचो.

असं असताना मस्कतहून बहिणीची चिठ्ठी आली की पहिलं बाळंतपण तिथेच करायचं ठरलंय, आईला पाठवा. आई एकटी विमानात बसायला तयार होईना, म्हणून जावयाने दोन तिकिटं पाठवली. आई बाळंतपणाला आणि मी आठ दिवस सोबतीला.

तिकिटाबरोबर नियमांचा कागद होता, बारीक इंग्रजीतला. मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि सगळा कागद मराठीत उतरवून भिंतीला लावला. विमानाच्या पोटातलं सामान माणशी वीस किलो. हातातलं सात किलो, नग एक. कात्री, सुरी, टोकदार वस्तू हातात नको. त्या दिवसांत विमानतळावरची तपासणी फार कडक झाली होती. शेजारपाजारचे येऊन भिंत वाचून जायचे आणि मी शंकांचं निरसन करायचो. विमानात मीही कधी बसलो नव्हतो, पण ते कोणी विचारलं नाही.

सामान मात्र कागदाला जुमानत नव्हतं. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खारीक, बाळंतशेप, सुंठ, वालाची डाळ, तांदळाचं पीठ, सुकवलेल्या केळ्यांच्या, म्हणजे सुकेळीच्या जुड्या, सुका जवळा, जुन्या नऊवारीची दुपटी, दोन गोधड्या. माझी एक पँट आणि दोन शर्ट यांना आईने मोठ्या मनाने कोपरा दिला.

वजनाला काटा हवा होता. मी शेठकडे गेलो. त्याने टेम्पोवरचा काटा हसतहसत काढून दिला, त्याच्याकडे जोडीचा दुसरा होता. "ने ने. विमानाचा काटा चुकेल, हा चुकायचा नाय." मी आजही विचार करतो, की हा काटा त्याने दिलाच कसा? मला वाटतं, इतक्या वर्षांत त्याचा स्वतःचाच त्या काट्यावर विश्वास बसला असावा.

ओटीवरच्या वाशाला काटा टांगून मी चारही बॅगा मोजल्या. दोन मोठ्या, बरोबर वीस-वीस. दोन हातातल्या, बरोबर सात-सात. एक लाडू इकडचा तिकडे नाही. आईने एक हातातली बॅग उचलली, तोलली आणि खाली ठेवली.

"ही सात नाय. साडेआठला आली."

"आई, सुई बघ. सात."

"सुई तू बघ. मी बॅग बघते."

बाबा बिचारे दोघांच्या मध्ये. ते म्हणाले, "शिकलेला मानूस सांगतो तर असेल सात."

विमानतळावर वाद झालाच तर पुरावा असावा म्हणून काटाही मी कापडी पिशवीत घालून बरोबर घेतला. नग एकच चालतो हे माझ्याच भिंतीवर लिहिलेलं होतं. पण काटा हे सामान नसून कागदपत्र आहे, असा मी अर्थ लावला.

विमानतळावर पोचवायला भाड्याच्या जीपमधून बाबा आणि आठ माणसं आली. ती बाहेर राहिली, आम्ही दोघं आत. काउंटरवर एक मराठी मुलगी होती. मी ऐटीत पहिली मोठी बॅग पट्ट्यावर ठेवली. लाल आकडे पळाले आणि थांबले. चोवीस.

"चार किलो जास्त आहे सर."

"तुमचं मशीन बघा जरा," मी म्हणालो.

दुसरी बॅग. चोवीस. मग हातातली. आठ किलो चारशे. दुसरी, आठ किलो चारशे.

आई प्रत्येक बॅगेला मान डोलवत होती. शेठच्या काट्याला तिने अशी मान कधी डोलवली नव्हती.

मी पिशवीतून काटा काढला. "मॅडम, हे बघा." रांगेतली माणसं मागे सरकली. मी डाव्या हाताने काटा धरला, उजव्या हाताने हातातली बॅग आकड्याला अडकवली आणि दात-ओठ खाऊन उचलली. सुई डुलली आणि सातवर थांबली. "सात!" मी ओरडलो.

मागे एक म्हातारे चाचा उभे होते. त्यांच्या ट्रॉलीवर तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी होती. त्यांनी ती पुढे केली. "बेटा, इसको लगाओ. इस पे लिखा है कितना है."

लावली. सुई चारच्या जरा पुढे जाऊन थांबली.

आता मी बी.कॉम. माणूस. विसाचे चोवीस, साताचे आठ-चारशे, पाचाचे चार आणि थोडं. डोक्यात आपोआप भागाकार झाला. शेठचा काटा पाच दाखवायचा तेव्हा सहा असायचे. प्रत्येक वेळी. चौथीपासून.

मी आईकडे बघितलं. तिला भागाकाराची गरज नव्हती.

"सहाची पाटी," ती म्हणाली. फक्त एवढंच. मग पदर खोचला. "पोरी, किती काढायचं सांग."

"मोठ्यांतून चार-चार किलो, मावशी. लहानांतून दीड-दीड धरा."

आई तिथेच फरशीवर बसली. बॅग उघडली. लाडवांचा डबा हातात घेतला, तोलला, बाजूला. पिठाची पिशवी तोलली, बाजूला. डाळीची अर्धी पुरचुंडी सोडली, मूठभर परत आत. "झालं. ठेव."

मी ठेवली. एकोणीस किलो नऊशे.

रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्या बॅगेला लोक आपापसात अंदाज बांधायला लागले. आईने सुकेळी आत ठेवली, माझी पँट बाहेर काढली. "ठेव." बरोबर वीस. लहान बॅगा सहा-नऊशे आणि सहा-साडेनऊशे भरल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, आमच्याकडे नोकरीला या. हे मशीन तसंही अधूनमधून बंद पडतं."

"पहिल्यांदा या शिकलेल्याला ठेवा," आई म्हणाली. "तो वाचतो बरोबर."

काढलेलं सामान मी दरवाज्यावर जाऊन बाबांच्या हवाली केलं. काटाही देणार होतो, तर आईने मागून येऊन माझा दंड धरला. "काटा नको. तुझा बाप भोळा मानूस. उद्या सकाळी शेठला नेऊन देईल आनि वर चहा पाजील. काटा माझ्यासंग येईल."

आई तपासणीत शिरली तशी धातू शोधणारी चौकट ओरडू लागली. बांगड्यांना लावलेल्या सेफ्टी पिना मोजून सात निघाल्या. भिंतीवरच्या कागदात पिनांचा उल्लेख नव्हता, असं मी नोंदवलं. पिना सुटल्या, पण मग कापडी पिशवी यंत्रातून बाहेर आली आणि जवानाने आकडा धरून काटा वर उचलला.

"ये क्या है?"

"काटा," आई म्हणाली.

"ये नहीं जाएगा माताजी. नुकीला है. यहीं छोड़ना पड़ेगा."

त्याच्या शेजारी एक पेटी होती. तीत कात्र्या, नेलकटर, एक अख्खी पक्कड. काटा त्या पेटीच्या दिशेने निघाला आणि आईने दुसरं टोक धरलं. एका बाजूला जवान, एका बाजूला आई, मध्ये शेठचा काटा.

"नाय सोडनार. वो मेरा साक्षीदार है!"

"साक्षीदार? किसका खून हुआ है?"

"वांगी का," आई म्हणाली. "बीस बरस का वांगी."

जवान माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या उत्तमातल्या उत्तम हिंदीत सगळं सांगितलं. नाका, पाटी, पाच, सहा. मीच वाचायचो हेही सांगितलं, ते सांगायची खरं तर गरज नव्हती. त्याचा वरचा साहेब आला. त्यालाही सांगितलं. साहेब काटा उलटसुलट बघत म्हणाला, "मेरे पिताजी भी मंडी में गेहूँ बेचते थे." मग मान हलवली. "नियम तो नियम है. हाथ में नहीं जाएगा." आईचा हात काट्यावरून सुटेना. "लेकिन सामान में जा सकता है."

काउंटरवरच्या मुलीला बोलावणं गेलं. तिने काटा एका जाड पाकिटात घातला, त्याला आईच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि सांगितलं की मस्कतला उतरल्यावर हातात मिळेल. आईने पाकीट देण्याआधी एकदा तोललं. "सव्वा किलो. तेवढाच परत घेईन," ती म्हणाली.

मस्कतला मिळाला. आईने तिथेच तोलून घेतला.

माझी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी बहिणीला मुलगी झाली. नर्सने बाळ आईच्या हातात दिलं. आई डोळे मिटून म्हणाली, "सव्वातीन." पाळण्याच्या पायाशी टांगलेल्या तक्त्यावर तीन किलो दोनशे होतं. आई म्हणाली, "पन्नास दुपट्याचे." भावजींनी गंमत म्हणून आमचा काटा आणायचं सुचवलं. आई खवळली. "त्याला लावू नका. पोरगी जन्मल्या जन्मल्या अर्धा किलो मार खाईल."

मी परतताना तिने एकच ताकीद दिली, "मी येईपर्यंत तोंड उघडायचं नाय." तीन महिने शेठ रोज विचारायचा, "काटा कुठाय रे?" आणि मी म्हणायचो, "आईकडे." या तीन महिन्यांत बाबांनी नेलेल्या पाट्या मी वाचल्या नाहीत. चष्मा लागलाय म्हणून सांगितलं.

आई आली त्याच्या दुसऱ्या सकाळी नाक्यावर गेली. एका हातात काटा, त्याला विमानाची चिठ्ठी अजून तशीच. दुसऱ्या हातात विरारच्या दुकानातून आणलेली पाच किलो तांदळाची सीलबंद पिशवी. नाक्यावर पंधरा-वीस बाया होत्या. आईने काही भाषण केलं नाही. टेम्पोच्या दांडीला काटा टांगला, पिशवी लावली आणि बाजूला झाली. बाया एकेक करून पुढे येऊन सुई बघून गेल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाजूचीने सांगितलं.

शेठ घाम पुसत म्हणाला, "अगं, स्प्रिंग जुनी झाली असेल. ढिली पडते."

इथे मात्र माझं शिक्षण कामाला आलं. "शेठ," मी म्हणालो, "स्प्रिंग ढिली पडली तर जास्त ताणते. सुई पुढे जाते. वजन जास्त दाखवते, कमी नाही."

इतक्या वर्षांत नाक्यावर मी पहिल्यांदाच आईच्या बाजूने तोंड उघडलं होतं. मग बाया बोलल्या. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही.

आठवडाभरात टेम्पोला नवा काटा आला, सरकारी शिक्क्याचा. आईने पाटी डोक्यावरून उतरवली, दोन्ही हातांत क्षणभर धरली, "साडेसहा" म्हणाली आणि आकड्याला अडकवली. शेठने सवयीने माझ्याकडे बघितलं. "वाच रे."

सुई अजून डुलत होती.

"साडेसहा," मी म्हणालो.