जाळं पाण्यात असलं का

साकोलीच्या स्टँडवर नागपूरची बस सुटायला आली, तेव्हा बाबा खिडकीखाली उभे होते. आम्ही सानगडीचे ढिवर, तलावातल्या मासोळीवर जगणारे. बाबा पहाटेच तलावावर जाऊन तसेच आले होते, सदऱ्याला मासोळीचा वास. एवढंच बोलले, "जागा भेटली ना? मंग पाठ टेकजो जराशी." मला हसू आलं. पुण्याला नोकरीवर निघालेल्या पोराला पाठ टेकायला कुठली उसंत!

पुण्यात पाहिलं तर इथं सगळे 'रेस्ट' घेतात. शाळेत गुरुजींनी त्याचा अर्थ 'विश्रांती घेणे' असा घोकून घेतला होता. इथं वापर भलताच. कुणाला ताप आला की ग्रुपवर 'टेक रेस्ट' अन् जोडलेले हात. कुणाकडे जायचं जिवावर आलं की 'आज जरा रेस्ट करतोय'. ऑफिसात तर त्यासाठी गुबगुबीत गाद्यांची खोलीच आहे. तिथंही लॅपटॉप मांडीवर घेऊनच बसतात लेकाचे. मीही.

मागच्या उन्हाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रेस्ट पाहिजे. मी हट्टानं त्यांना पुण्याला आणलं. सातवा मजला, पलंग, टीव्ही, सगळं. निघताना रोज बजावायचो, "बाबा, रेस्ट करा." संध्याकाळी यावं तर हे गॅलरीत उभे. जेवण अर्धं, झोप नाही. माणूस सुकत चालला अन् माझा जीव खालीवर. शेवटी चिडून विचारलं, "काहून पडत नाही तुमी?"

"अरे, पडून पडूनच थकलो," ते म्हणाले. "जाळं पाण्यात असलं का माणूस टेकते. तिकडं ते आपलं काम करून राहिलं असते, इकडं आपण तंबाखू मळत बसतो. इथं माहं जाळंच नाही पाण्यात, तं टेकू कसा?"

पाण्यात जाळं सोडून आल्यावर तलावाच्या पाळीवर, मोहाच्या बुडाशी दुपट्टा टाकून बसलेले बाबा आठवले. तेवढा निवांत माणूस मी पुण्यात अजून पाहिला नाही.

धाकटा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. बापाला द्यायचा होता तो आराम माझ्या घरात नव्हताच.

आता डोंगा भाऊ चालवतो, जाळंही बहुतेक वेळा तोच सोडतो. दुपारी मी फोन केला की विचारतो, "बाबा, काय करून राहिले?"

"रेस्ट करून राहिलो!" एकदम थाटात. मागं बगळ्यांचा कलकलाट अन् भावाचं हसू.

परवा त्यांनीच विचारलं, "अन् तू? टेकला का जरासा?"

माझी मीटिंग सुरू होत होती. म्हटलं, "दिवाळीत येतो, मंग टेकतो."

"मागच्या दिवाळीलेबी असाच म्हणला होता." आवाजात राग नव्हता. "ये. तुह्या वाट्याचं जाळं सोडून ठेवतो."

घर माझं पुण्यात आहे, नावावर आहे. टेकायची जागा मात्र त्या पाळीवर राहिली. तिथं बाबा माझ्या वाट्याचं जाळं सोडून एकटेच बसले आहेत.